चिठ्ठीत निघालेली बाजू

आमच्या घरात वादविवादाचा किडा माझ्यामुळे आला. कॉलेजात जिंकलेल्या माझ्या ढाली घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत अजून टीव्हीच्या वर उभ्या आहेत, आणि घरी कुणी आलं की त्याची नजर तिकडे जाईपर्यंत मला चैन पडत नाही. नवरा म्हणतो, "हिच्याशी भांडायचं तर आधी परीक्षक बोलवावे लागतात." म्हणू दे. यंदा लेक आठवीत गेली, शाळेनं तिला आंतरशालेय वादविवाद स्पर्धेसाठी निवडलं, आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

विषय होता, दुसरं महायुद्ध संपवण्यासाठी अणुबॉम्ब टाकणं योग्य होतं. अशा स्पर्धेत बाजू आपण निवडत नाही, चिठ्ठी निवडते. बाईंनी चिठ्ठी उचलायला लावली आणि हिच्या चिठ्ठीत 'अनुकूल' निघालं. म्हणजे बॉम्ब टाकला ते बरोबरच केलं, असं हिनं सांगायचं. घरी आली ती तोंड पाडून.

"मम्मी, मला नाही गं पटत हे."

"तुला पटतंय का, हे कुणी विचारलंय? वकील काय स्वतःला पटेल तीच केस घेतो?"

"पण त्यात शाळेत जाणारी मुलं होती."

"ते प्रतिकूलवाले बोलतील. तू त्यांचं काम कशाला करतेस?"

मी भाषण लिहायला बसले. खोटं कशाला बोलू, मजा आली. किती वर्षांनी हाताला अशी खाज सुटली होती. एकेक मुद्दा रचला. बॉम्ब टाकला नसता तर सैन्य जपानच्या किनाऱ्यावर उतरलं असतं, गल्लोगल्ली लढाई झाली असती, दोन्हीकडची कितीतरी जास्त माणसं मेली असती. जपानी फौजांनी चीनमध्ये, ब्रह्मदेशात लोकांचे जे हाल चालवले होते, ते आणखी लांबले असते. त्यांचे जीव काय जीव नव्हते? आणि मग माझं हुकमी वाक्य, "माणुसकीलाही हिशेब यावा लागतो!" ते लिहून झाल्यावर मी स्वतःच्याच मांडीवर थाप मारली.

लेक ऐकत होती. मध्येच म्हणाली, "बरं, एक टाकला. मग तीन दिवसांनी दुसरा का टाकला? पहिल्यानं कळलं नसतं का त्यांना?"

"असं समोरच्यानं विचारलं तर म्हणायचं, पहिल्यानंतरही तिथल्या राज्यकर्त्यांचं शरण जाण्यावर एकमत होत नव्हतं."

"तीन दिवसांत तर आपल्या बिल्डिंगचं पाण्याच्या टाकीवरही एकमत होत नाही."

मला हसू आलं. तरी मी तिला दटावलं. "आगाऊपणा पुरे. उभी राहा, हावभाव करू." मूठ घट्ट मिटून समोर धरायची, 'आणि एका क्षणात' असं म्हणून थांबायचं, आणि बोटं सावकाश उघडायची. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे. आरशासमोर मी ते तिच्याकडून इतकं घोटून घेतलं की जेवायला बसताना हात धुऊन झटकला तरी तिची बोटं तशीच उघडायची.

अंधेरीच्या एका शाळेत स्पर्धा झाली आणि हिला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी हिशेबाच्या वाक्याचं खास कौतुक केलं. रिक्षा मिळायच्या आत मी व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवून मोकळी. सासरचे, माहेरचे, नांदेडचे, सगळे. झकास, झकास, म्हणून उत्तरं येत होती. लेक रिक्षात डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, दमली असेल.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात एक पद्धत आहे. रविवारी वंदना आणि पंचशील झालं की, ज्या पोराला कशात बक्षीस मिळालं असेल त्यानं ते सगळ्यांसमोर करून दाखवायचं. आमच्या पणजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसून शिकावं लागलं. त्यामुळे पोरांच्या बक्षिसाचं आमच्याकडे जरा जास्तच कौतुक, आणि ते असावंच. शनिवारी मी विहाराच्या अध्यक्षकाकांना फोन करून लेकीचं नाव दिलं, विषय सांगितला, जपान आणि अणुबॉम्ब.

काका एकदम खूश. "अगं पोरी, जमूनच आलं की! उद्या आपल्याकडे जपानचे पाहुणे येतायत. गया, सारनाथ करून आलेत, वेरूळला जायच्या आधी आपला विहार बघणार आहेत. आणि हिचं भाषण जपानवर! वा, वा!"

काकांना विषय माहीत होता, बाजू माहीत नव्हती. मला माहीत होती. तिथल्या तिथे सांगता आलं असतं, 'काका, या रविवारी राहू द्या.' एका वाक्याचं काम होतं, आणि वाक्यं करण्यात माझा हात कोण धरणार!

लेकीनं सगळं ऐकलं होतं. "मम्मी, नको."

"नको काय नको? विहारात नाव दिलंय."

"मग दुसऱ्या बाजूनं बोलते ना. मला येतं. त्या समोरच्या मुलाचं सगळं भाषण माझ्या लक्षात आहे."

"बक्षीस कुठल्या भाषणाला मिळालं? मग? आणि तू घाबरतेस कशाला एवढी? त्यांना कुठे मराठी कळतंय! आवाज कळेल, हावभाव कळतील. टाळ्या वाजवतील, फोटो काढतील आणि जातील."

हे मी बोलले. आज लिहितानाही कानशिलं तापतात.

रविवारी सगळे पांढऱ्या कपड्यांत वेळेवर हजर. पाहुणे वयस्क होते, चटईवर ताठ बसलेले. त्यांच्यासोबत गयेचा एक गाईड होता, त्याला जपानी यायचं आणि हिंदी, मराठी नाही. पुढच्या ओळीत एक आजी होती, अंगानं आमच्या लेकीपेक्षाही लहान. आम्ही पंचशील म्हटलं. जीव घेणार नाही हे पहिलं शील, खोटं बोलणार नाही हे चौथं. लेक माझ्या शेजारी बसून म्हणत होती. मीही म्हटलं, खणखणीत आवाजात, कारण विहारात माझा आवाज चांगला समजतात.

मग काकांनी लेकीला पुढे बोलावलं. सुरुवातीला तिचा आवाज बसलेला होता. पण घोटून घेतलेलं आपोआप येतं, त्याला मन लागत नाही. 'हिरोशिमा' ऐकल्याबरोबर पाहुण्यांनी माना वर केल्या. 'नागासाकी' आलं तेव्हा आजीनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. लेकीची मूठ पुढे आली. "आणि एका क्षणात." बोटं उघडली. आजीच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि माझी लेक तिच्यासमोर उभी राहून म्हणाली, "माणुसकीलाही हिशेब यावा लागतो!"

आमच्या लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मागच्या काही जणांचे हात मध्येच थांबले. काका माझ्याकडे बघत राहिले. आता त्यांना बाजू कळली होती.

आजी गाईडच्या कानाशी काही बोलली. त्यानं इकडेतिकडे बघून मला विचारलं, "मैडम, माताजी पूछ रही हैं, बच्ची ने क्या कहा?"

अख्खा विहार माझ्या तोंडाकडे बघत होता. लेकसुद्धा. मी म्हटलं, "बोली कि बहुत बुरा हुआ था. ऐसा फिर कभी ना हो."

त्यानं ते जपानीत सांगितलं. आजी उठली आणि माझ्या लेकीपुढे कमरेतून वाकली. मग थांबत थांबत बोलत राहिली, आणि गाईड हिंदीत सांगत गेला. तिची आई नागासाकीत होती. ही तेव्हा मांडीवरची पोर, आजोळी ठेवली होती म्हणून वाचली. आईचा चेहरा तिला आठवत नाही, घरी फक्त एक फोटो आहे. आता घरी गेल्यावर त्या फोटोला सांगेन, म्हणाली, की इतक्या लांबच्या देशात एका मुलीनं तुझ्यासाठी दुःख केलं.

आमच्या बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. त्यांना भाषण कळलं होतं हो, मराठीच तर होतं! तरी कुणी काही बोललं नाही. काकाही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि लेक तिथेच उभी होती, हात अजून अर्धवट उघडा, माझ्याकडे बघत. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, पहिल्यांदा बघितल्यासारखी.

चहा-बटाटेवडे आले तशी मी आतल्या खोलीत कप भरायला पळाले. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती. खिडकीतून बाहेर चपला काढायची जागा दिसत होती. तिथे आजी आणि लेक दोघीच होत्या, लेकीच्या हातात माझा फोन. फोटो काढत असतील म्हटलं. मग आजीनं लेकीचा उजवा हात धरला, एकेक बोट आत मिटवलं, आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून बसली. बऱ्याच वेळानं तिनं स्वतःच्या मनगटातली लाकडी मण्यांची माळ काढून लेकीच्या हातात घातली. माझ्या खोट्यावर म्हातारी आपली माळ देऊन चालली, असं माझ्या मनात आलं, आणि मी पुढचा कप भरायला घेतला.

घरी येऊन मी कुकर लावला. लेक ओट्यापाशी माझ्या बाजूला उभी होती. मनगटात ती माळ, सैल.

"ही माळ आपण ठेवायची का गं?" मी विचारलं. "काकांकडे त्या गाईडचा नंबर असेल. पण खरं मात्र सांगायचं नाही हं. म्हातारं माणूस आहे. समाधान घेऊन चाललीय बिचारी. आपल्या एका खोट्यानं कुणाचं वाईट झालं? उलट खरं सांगितलं तर तिला किती..." बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. मी पुन्हा हिशेब मांडत होते. अनुकूल बाजू, मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा.

लेकीनं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "मम्मी, तुला खरं काय वाटतं? टाकायला हवा होता की नको?"

इतके मुद्दे रचले, वाक्यं सजवली, मूठ कशी उघडायची ते शिकवलं, आणि हा साधा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नव्हता. लाज वाटली. पोरीला मी बोलायला शिकवत होते आणि मला स्वतःचं मत नव्हतं.

"नको होता," मी म्हटलं.

"आता म्हणतेस."

"हो. आता म्हणतेय. मी करते त्या गाईडला फोन. सांगते सगळं खरं."

"नको करूस. आजींना माहितीय."

"काय माहितीय?"

"मी सांगितलं. चपलांपाशी. तुझ्या फोनवर भाषांतर होतं ना, त्यात मराठीत बोलले, त्यांना जपानीत वाचता आलं. म्हटलं, मम्मीनं सांगितलं ते बरोबर नाही. मी बॉम्बच्या बाजूनं बोलले, कारण तशी चिठ्ठी निघाली."

"मग?"

"त्यांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, हे तू स्वतः लिहिलंस का?"

"मग?"

"मी म्हटलं, हो, मीच लिहिलं. तेव्हा त्यांनी माझी मूठ मिटवली."

कुकरची शिट्टी झाली. सकाळी माझ्या शेजारी बसून म्हटलेलं चौथं शील पोरीनं माझ्यासाठी मोडलं होतं. तिनं गॅस बारीक केला आणि म्हणाली, "मम्मी, ताटं घे."