गलबत पार्टीची चाल

हरिश्चंद्र कुबल बोट सोडून कायमचा विजयदुर्गात परतला, ते साल होतं १९६६. विलायती मालवाहू बोटींवर त्याची निम्मी उमर गेली होती. शेवटच्या सफरीत बोटीचं इंजिन बिघडलं आणि आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरात सगळे अडकून पडले. तिथं शॉन नावाच्या आयरिश सोबत्यानं त्याला गुत्त्यात नेलं, हातात पत्र्याची बासरी दिली आणि आपल्या मुलखातल्या चाली शिकवल्या.

आता संध्याकाळी तो पडवीत बसून त्याच वाजवायचा. बायको नर्मदा वैतागायची.

"भजन म्हणूचां तर हात जोडूचे वाटनत नाय. लग्नाचां म्हणूचां तर व्हकल-न्हवरो खंय? कित्याचां गाणां ह्यां?"

हरिश्चंद्राला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं.

शेजारचा दाजी भजनात मृदंग वाजवायचा. न राहवून एकदा त्यानं ठेका धरला. चाल दादऱ्यात चपखल बसली, पण मध्येच अशी उधळायची की दाजी भांबावून हात आवरायचा. मग गिरणी सुटलेला भाचा शिवा मुंबईहून गिटार घेऊन आला. त्याला रेडिओवरच्या गोऱ्या पोरांच्या बँडचं वेड. तिघांचं जमलं आणि लोक त्यांना गलबत पार्टी म्हणू लागले.

जत्रेत शिवानं गिटार थेट कर्ण्याच्या यंत्राला जोडली. एक चाल सुरू झाली ती तो संपवूच देईना. मध्ये अभंगाचा ठेका, मध्ये नुसती तारांची गर्जना. कुणी हात जोडले, कुणी टाळ्या पिटल्या. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "नाटक कधी सुरू होतलां?"

दुसरी चाल लागली आणि हरिश्चंद्राची आई, माई, गर्दीतून पुढे आली.

"बंद कर रे! ह्यां तर माजां दळतानाचां गाणां. तुका कोणी शिकवल्यान?"

"कॉर्कच्या शॉनान, माई."

"आणि त्येका?"

हरिश्चंद्राच्या हातातली बासरी खाली आली. डेक धुताना आपण हे गुणगुणत होतो का? ते ऐकून शॉननं उचललं आणि आपल्यालाच परत शिकवलं? की त्याच्याही आईचं असंच एखादं गाणं होतं? त्याला काही केल्या आठवेना.

"मग लोकांका आयरिश म्हणून सांगू की माईचां?" शिवानं माइकसमोरून विचारलं.

"माका काय इचारतंस?" हरिश्चंद्र चिडून म्हणाला. "वाजव गप!"

माई तिथंच बसली आणि गाऊ लागली. हरिश्चंद्रानं बासरी पुन्हा ओठांना लावली. पहिली ओळ बासरीसोबत नीट गेली. दुसरीला मात्र माई एका अंगाला वळली नि बासरी दुसऱ्या. कुणीच मागं हटेना. दाजीनं एकदा माईकडे पाहिलं, एकदा लेकाकडे, आणि दोघांचाही नाद सोडून आपला ठेका तेवढा चालू ठेवला.