चौथ्या गिअरमधलं वळण

ती सकाळ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. फुटाळा तलावावर धुकं उतरलेलं, वळणावर आडवी पडलेली सायकल आणि डांबरावरून सावकाश पसरत चाललेलं दूध. ते दूध कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. दूधवाल्याला आम्ही पोचण्याआधीच कोणीतरी इस्पितळात नेलं होतं. एक पाय गुडघ्याखाली चिरडला होता. ठोकणारी गाडी पसार.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा फौजदार होतो आणि मोटारींचा मला भारी नाद. संध्याकाळी वर्दी उतरवून रामदासपेठेतल्या एका चहाच्या टपरीवर जायचो. तिथे आमच्यासारख्या नादिष्टांचा अड्डा जमे. अँबॅसडर म्हणजे पलंग, फियाट म्हणजे घोडी, असे वाद चालत. कोणी इंजिनाचं हेड घासून आणलेलं, कोणी स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवलेली. एका कापड दुकानदाराने फियाटला दोन कार्बोरेटर लावले होते, सायलेन्सरही मोकळा केला होता; ती दोन गल्ल्या आधीच ऐकू येई. घटनेच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला सगळ्यांदेखत म्हणालो, "शेठ, गाडी सजवली खरी. पण तलावाचं वळण चौथ्यात घेऊन दाखवाल, तेव्हा ड्रायव्हर म्हणेन." सगळे हसले. तो हसला नाही.

पंचनामा चालू असताना एका माळ्याने खबर दिली. गाडी धुक्यात दिसली नाही, पण आवाज विमानासारखा होता, म्हणाला. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती.

शेठला ठाण्यात बोलावलं. फियाटचा मडगार्ड ताजा रंगवलेला. विचारलं तर म्हणे, खांबाला घासला. गाडी पाहणारा साक्षीदार एकही नाही. दुपारपर्यंत तो शब्दाला हलला नाही. असा माणूस दमदाटीने बोलत नाही. त्याच्या दुखऱ्या जागी बोट ठेवावं लागतं, आणि ती जागा मला ठाऊक होती. मी हवालदाराकडे वळून म्हणालो की चालवणारा नवशिका असणार. वळणावर घाबरला, ब्रेकवर उभा राहिला आणि गाडी घसरली.

"ब्रेकले पाय नाही लावला मी," शेठ ताडकन बोलला. "वळणात ब्रेक मारते तो ड्रायव्हर कायचा, साहेब? चौथ्यातच होती. निघालीच होती बाहेर. सायकल दिसलीच नाही मले."

बोलून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय बोलून बसलो.

हवालदार जबाब लिहून घेत होता. त्याने सहज विचारलं, "पण शेठ, एवढ्या सकाळी तिकडं काहून गेल्ते जी?"

शेठने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी नजर खिडकीबाहेर नेली. अंगणातल्या कडुनिंबाची पानं गळत होती, एकेक, जणू त्यांना कसलीच घाई नव्हती.

"असंच," तो म्हणाला. "मले वाटलं, जमते."

तेच जबाबात गेलं. खाली माझी सही आहे. कोर्टातही त्याने गुन्हा कबूल केला. त्याला शिक्षा झाली, गाडी विकली गेली. दूधवाल्याला नंतर कुबडी घेऊन जाताना मी अनेकदा पाहिलं आणि जीप दुसऱ्या रस्त्याने वळवली. वरिष्ठांनी मात्र तपासाबद्दल माझी पाठ थोपटली.

चहा पिता पिता मत देणाऱ्याला कुठलं कलम लागत नाही. पण त्यानंतर आरोपी "असंच" म्हणाला की मी लिहिणाऱ्याला थांबवायचो आणि विचारायचो, आदल्या दिवशी कोणाशी काय बोलणं झालं होतं? बहुतेक वेळा एखादं नाव निघायचंच.

माझं निघालं नाही.