बराखीत युरिया कुणी टाकला

हे मला आधीच लिहायचं होतं, पण घरात कुणीतरी सारखं मागून डोकावतं. आत्ता सगळे खळ्यावर गेलेत. तर पटापट लिहिते.

आधी वहिनीबद्दल सांगते, कारण ती कळली नाही तर पुढचं काहीच कळायचं नाही. दादाचं लग्न झालं आणि अवसरी खुर्दची ही इंजिनीअर मुलगी पिंपरी पेंढारच्या अलीकडं आमच्या मळ्यात आली. पुण्यात नोकरी करेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिनं नाही केली. म्हणाली, मी शेती बघते. आणि बघायला लागली ना खरंच! ट्रॅक्टर शिकली. ठिबकचं बिघडलं की स्वतः खोलून बसायला लागली. आमचे पप्पा, ज्यांनी मला आयुष्यात कधी 'तुला काय वाटतं' असं विचारलं नाही, ते औषधाची बाटली घेऊन तिच्यामागं फिरायचे. "सूनबाई, हे मारू का ते मारू?"

मी सायकॉलॉजी शिकते. मला विचारायचे, "पेपर कधीय?" बस.

ती वाईट असती तर किती बरं झालं असतं. पण ती गोड. माझ्यासाठी बाजारातून क्लिपा आणणार, माझं इंग्रजी सुधारून देणार, आणि ते असं देणार की मला राग यायचा आणि राग आल्याची लाज पण वाटायची. तिच्या रीलला किती लाईक आले ते मी दिवसातून कितीदा बघायचे विचारू नका. स्वतः एकदाही लाईक केलं नाही. तिचे केस, तिच्या चपातीचा पापुद्रा, सगळं डोळ्यात खुपायचं. एकदा तिला सर्दी झाली तर मला लई बरं वाटलं होतं. सर्दीच ती. तेवढंसुद्धा.

त्या उन्हाळ्यात कांदा काढून बराखीत भरला. बराख म्हणजे आमच्याकडं कांदा साठवायची लांबट खोली, दोन्ही बाजूला जाळी, वर पत्रा. आत दोन कप्पे. पप्पांनी जाहीर केलं की रस्त्याकडचा कप्पा सूनबाईचा. "तिनंच सगळं बघितलं, त्याचं जे काय व्हईल ते तिचं." मग वहिनीनं रील काढायची ठरवली. ती आणि पप्पा कांद्यापुढं उभे राहिले. फोन धरायला आईला बोलावलं.

"आई, आडवा नका धरू, उभा. हं. आणि हात हलवू नका."

आई दोन्ही हातांनी फोन धरून उभी, श्वास रोखून. पप्पा म्हणाले, "ही सगळी आमच्या सूनबाईची कमाल हाय बरं का राव!" व्हिडिओ लई चालला. खाली राजुरीच्या बायकांनी लिहिलं, अशी सून सगळ्यांना मिळो. मी जळत होते म्हणून तो पुन्हा पुन्हा बघितला, तेव्हा दिसलं की एका कोपऱ्यात शेवटपर्यंत आईच्या अंगठ्याची सावली आहे. पूर्ण व्हिडिओत आई एवढीच.

पुढं काही दिवसांनी वास आला. सडलेल्या कांद्याचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको. दादानं जाळीतून हात घातला तर हात ओला. वहिनीच्या कप्प्याला पाणी सुटलं होतं. थोडा कांदा बाजूला सारला तर मध्ये पांढरे दाणे. युरिया.

आमच्या भागात हे होतं. कुणाशी वाकडं असलं की त्याच्या बराखीत युरिया फेकायचा. आग नाही, आवाज नाही, कांदा आपोआप नासतो. म्हणून दादानं लगेच ठरवलं की हे पलीकडच्या चुलत्यांनीच केलं. त्यांच्याशी आमच्या घरातल्या पुरुषांचं बांधाच्या वादावरून बोलणं बंद.

"उद्याच्या उद्या पोलिसात अर्ज देतो," दादा म्हणाला.

"देच," पप्पा म्हणाले.

आता माझी गंमत ऐका. आमच्या मॅडमनी नेमकी त्याच आठवड्यात असाइनमेंट दिली होती, स्त्रिया आणि गुन्हा. वर्गात लई वाद झाला होता. मॅडम म्हणाल्या, "बाईनं गुन्हा केला की लोक पहिला प्रश्न काय विचारतात? कुणाच्या नादानं केला? तिला स्वतःचा राग असू शकतो, हेच कुणी धरत नाही." मागच्या बाकावरची एक जण म्हणाली, "मॅडम, आमच्या सासूला भेटा, राग काय असतो ते दाखवते." वर्ग हसला. मॅडम पण हसल्या, आणि मग म्हणाल्या की जो राग बोलून दाखवायची सोय नसते तो हाताशी जे असेल ते उचलतो. घरातलंच काहीतरी. आणि जवळच्याच माणसावर.

हे माझ्या डोक्यात घुमत होतं. आणि मी चुलत्यांना मनातून सोडून दिलं. कारण आमची बराख उसाला लागून आहे आणि बिबट्यामुळं अंधार पडायला लागला की तिकडं कुणी फिरकत नाही, चुलते तर नाहीच, त्यांचं कुत्रं उचलून नेल्यापासून ते पाच वाजताच दार लावतात. म्हणजे काम दिवसा झालेलं. आणि दिवसा तिथं आमच्याच घरातली माणसं.

मग मी कुणाला आरोपी केलं असेल? वहिनीला! अर्थातच! मनात अख्खी थिअरी तयार. तिच्या हातून कांदा नीट सुकला नव्हता, तो नासायला लागला, फजिती झाकायला तिनंच युरिया टाकला. मला इतका आनंद झाला की मी वहीच्या मागच्या पानावर मुद्देच काढले. दोष दुसऱ्यावर ढकलणे, कौतुकाची सवय, अपयशाची भीती. एकदम फिट बसत होतं. फक्त पुरावा पाहिजे होता. म्हणून नाकाला ओढणी बांधून मी बराखीत शिरले.

आणि तिथं माझी थिअरी गेली.

फेकलेला युरिया कसाही पडतो. एका जागी ढीग, एका जागी काहीच नाही. इथं तसं नव्हतं. नासलेले काळे ओले डाग होते, पण ओळीत. एक डाग, मग वीतभर जागा, मग दुसरा डाग. कडेनं सरळ गेलेली ओळ, कोपऱ्यात वळलेली, परत आलेली. प्रत्येक ठिकाणी चिमूटभरच. मी पाळण्यात होते तेव्हापासून हे बघतेय. वांग्याच्या, टोमॅटोच्या, मिरचीच्या बुडाशी कमरेत वाकून तीन बोटांनी खत टाकत जाणारी बाई. वहिनी खत ठिबकमधून सोडते. तिला चिमूट येतच नाही.

शेजारच्या खोलीत युरियाची गोणी होती. तिचं तोंड दुमडून सुतळीनं घट्ट बांधलेलं. सांगा बरं, दुसऱ्याचं वाटोळं करायला निघालेला माणूस गोणीचं तोंड बांधून जातो का?

ही आईची चिमूट होती. पण खरं सांगू? भीती वाटायच्या आधी एक क्षण मला आईचा अभिमान वाटला. म्हणजे मी एकटीच जळत नव्हते!

दुपारी आई आणि मी नासका कांदा निवडायला बसलो. चांगला एकीकडं, ओला दुसरीकडं. वहिनी पाट्या भरून बाहेर टाकायला गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "आई, युरियाच्या गोणीचं तोंड कुणी बांधलं गं?"

"म्या बांधलं. उगडी ऱ्हायली तर वला व्हतो ना युरिया."

डोळे वर पण केले नाहीत तिनं. मी म्हणाले, "आणि डाग ओळीत कसे काय पडलेत?"

आता तिनं हातातला कांदा खाली ठेवला. "तुला लई कळाया लागलंय."

"आई, दादा सकाळी काकांचं नाव देणार आहे. पोलीस त्यांना बोलावतील. त्यांच्या पोराचं लग्न ठरायचंय."

"मला म्हाईतय."

"मग?"

"कांदा निवड," ती म्हणाली.

बस एवढंच. मी सांगितलं तर आईला घरात जागा राहणार नाही, नाही सांगितलं तर एक निर्दोष माणूस चौकीत बसणार. आणि ती आपली निवडतेय, त्यातही जो अर्धा नासलाय तो कापून चांगला भाग पाटीत ठेवतेय. गुन्हासुद्धा तिनं काटकसरीत केला होता.

सकाळी दादानं गाडी काढली. पप्पा ओट्यावर चहा पीत होते, वहिनी मोटर चालू करून आली होती, मी दारात. आई मेथी निवडत होती. ती मान खाली घालूनच म्हणाली, "त्यांचं नाव घेऊ नगं."

दादा म्हणाला, "का? मग कुणाचं घेऊ?"

"माझं. म्या टाकलाय युरिया."

दादानं आईकडं बघितलं. आणि मग दादा हसला. खरंच हसला! "आई, तू मुंगीला पाय लावत न्हाईस."

पप्पा पण हसले. बशी खाली ठेवून माझ्याकडं वळून म्हणाले, "बघ तुझी आई. भावकीत भांडण नगं म्हणून सोताच्या अंगावर घेती. देवमाणूस हाय राव." त्यांचे डोळे भरून आले होते!

आईचं तोंड लाल झालं. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. "अवो, म्या टाकलाय म्हणते ना."

"बरं बरं," पप्पा म्हणाले. "काल त्यांची बायको आलती ना इथं? तिनंच भरवलं असंल तुझ्या डोक्यात."

"मला कोण शिकवतंय?" आई उठलीच. मेथी सगळी अंगणात. "लगीन करून आल्यापास्नं खत टाकतीया म्या. मला युरिया टाकाया शिकवाया लागतं व्हय? या माज्यासंगं!"

ती पुढं, आम्ही सगळे मागं. बराखीत शिरून तिनं बोट दाखवलं. "हितनं सुरू केलं. असं. चिमूट, मंग वीत सोडायची. चिमूट, मंग वीत. हितं कंबर भरली म्हणून टेकले वाईच. मंग कोपऱ्यातनं वळाले." ती वाकून वाकून दाखवत होती, रिकामी तीन बोटं हलवत, जणू आम्हाला कामाला लावायचंय. पप्पांचं हसू हळूहळू उतरत गेलं. दादाच्या हातात गाडीची चावी होती, ती त्यानं खिशात टाकली.

"पण का गं?" पप्पा म्हणाले. आवाज एवढासा.

"सूनबाईचा कांदा म्हनं! रोप कुणी टाकलं? लागण कुणी केली, बाया कुणी गोळा केल्या, उन्हात बसून पात कुणी कापली? आन मला काय सांगितलं, तर फोन धर. हात हलवू नगं." ती थांबली नाही. "इतकी वर्सं कांदा केला, कुणी म्हनलं का ह्यो हिचा म्हणून? एक पाटी तरी?"

पप्पा जाळीला धरून उभे. दादा खाली बघत होता. माझ्याशिवाय न हसलेली एकच व्यक्ती होती, अगदी ओट्यावरच्या बोलण्यापासून न हसलेली. वहिनी. ती म्हणाली, "मग मला तोंडावर का नाही बोललात?"

"तुज्याशी भांडताच येत न्हाई," आई म्हणाली. "तू लई ग्वाड बोलतीस. मानूस भांडायला येतं आन लाजून जातं माघारी."

राव, हे माझं वाक्य होतं! माझ्या मनातलं, जसंच्या तसं!

मला वाटलं आता वहिनी रडेल, पाया पडेल, आणि सगळे म्हणतील बघा किती मोठ्या मनाची. मी तयारीच केली होती जळायची. पण वहिनी भडकली. पहिल्यांदा. "गोड बोलते म्हणून माझा कांदा नासवायचा? मी काय झोपा काढल्या का? रात्रपाळीच्या लाईटला पाणी कुणी भरलं? बिबट्या बांधावर बसलेला असताना मी उतरलेय शेतात!"

"आन म्या न्हाई उतरले? तू शाळंत व्हतीस तवापास्नं उतरतीया!"

"मग सांगायचं ना तसं सगळ्यांसमोर! मला काय स्वप्न पडणार होतं?"

"तू इचारलंस का कदी?"

"आता विचारते! बोला!"

आणि आई बोलायला लागली. वहिनी मध्ये मध्ये तोडत होती, आई तिला तोडत होती, दोघी हातवारे करत होत्या, सडक्या कांद्यात घोट्यापर्यंत उभ्या राहून. कुठल्या साली कुठला कांदा लावला, कधी गारपिटीत गेला, कुणाच्या अंगावर पोर असताना काढणी केली. पप्पा एकदा "अगं ऐका" म्हणाले तर दोघी एकदम म्हणाल्या, "तुम्ही थांबा!" पप्पा आणि दादा गुपचूप बाहेर जाऊन उंबऱ्याच्या दगडावर बसले.

मी जाळीबाहेर उभी होते. खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. काकांचं नाव गेलं नाही, आई घरातच राहिली. पण मी बघत होते की आई कशी बोलतेय. डोळ्यात डोळे घालून, पूर्ण आवाजात, मधे दम घेत, पदर खोचून. तिला समोरची बाई तिच्या तोडीची वाटत होती. माझ्याशी ती असं कधीच भांडली नाही. मला ती म्हणाली होती, कांदा निवड.