शोरूममध्ये सांगितलेला आजार

हे मी घरात कधी बोललो नाही. गाझियाबादच्या शोरूममध्ये नव्या डिझेल गाडीचा भाव काही केल्या उतरत नव्हता. तेव्हा साताऱ्याहून माझ्याकडे तब्येतीच्या तपासणीसाठी आलेल्या, शेजारी बसलेल्या बाबांकडे पाहत मी विक्रेत्याला म्हणालो, “भाईसाहब, इनके पास ज़्यादा दिन नहीं हैं. थोड़ा घुमा दूँ, बस.”

बाबांना एवढी हिंदी कळत नाही, असं मी धरून चाललो होतो. भाव लगेच उतरला, वर सीट कव्हरंही मिळाली.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, “डॉक्टर तुला एकट्याला काय म्हणाले?”

मी घाईने म्हणालो, “बाबा, तुम्ही ठणठणीत आहात. ते फक्त भाव पाडायला बोललो.”

“गाडीसाठी असं कुणी बोलतं का?” ते समजुतीने हसले. “आईला सांगितलंस?”