राजूरच्या पुढचं संग्रहालय आणि आजीची हातोडी

संग्रहालय म्हटलं की मला जांभई येते, हे आधीच कबूल करते. तरी गेल्या महिन्यात आम्ही नगरहून राजूरच्या पुढे गेलो, कारण आण्णांच्या पिशवीत आजीची हातोडी होती. आण्णा म्हणजे माझे वडील; उभा जन्म खडीच्या खाणीत गेला. आजी गावोगाव जात्यांना टाकी लावायची, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड ठोकून पुन्हा खरबरीत करायची. तिकडच्या एका गावात आदिवासींच्या आणि खाणकामगारांच्या वस्तू मांडल्यात असं कळल्यावर आण्णा म्हणाले, "बघून येऊ. नीट ठिवत असतील तर दिऊ, न्हाईतर माघारी आनू." त्या हातोडीखेरीज आजीचं घरात काहीच नाही, फोटोसुद्धा नाही.

आणि मी? शाळेत कुणी विचारलं की वडील कंत्राटदार आहेत असं सांगायचे. त्याची लाज मला अजून वाटते.

जायचं असेल तर सकाळची पहिली एसटी धरा. संगमनेरला बदला, अकोलेमार्गे राजूर. बायकांना अर्धं तिकीट. आण्णा पंचाहत्तरी ओलांडलेले, त्यांना फुकट. कंडक्टरने त्यांचं आधार कार्ड दोनदा निरखलं, तेव्हा स्वारी गालात हसली. राजूरला पेढे घ्या. पुढे जीप आहे, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरी ठेवून या.

संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेच्या दोन खोल्या. तिकीट नाही, दारात दानपेटी. पहिल्या खोलीत ठाकर आणि महादेव कोळ्यांच्या घरांतल्या कणग्या, इरली, मासे धरायचे बांबूचे सापळे. दुसरीत घण, पहारी, दगड फोडायच्या सुतक्या. आण्णा एकेका हत्यारापुढे उभे राहिले. खाली पाटी, 'वडार समाजाची हत्यारे', म्हणजे आमचीच, आणि वस्तू देणाऱ्याचं नाव.

"ज्यानं ह्यो घण मारला त्याचं नाव कुठं हाय?" आण्णांनी विचारलं आणि पिशवी बगलेत घट्ट धरली. हातोडी परत येणार, असं मला वाटलं.

निघताना ते पहिल्या खोलीतल्या जात्यापाशी थांबले. जातं काळ्या ऑइल पेंटने चकचकीत केलेलं.

"पावनं येनार म्हनून आमीच लावला," हिराबाई म्हणाल्या. संग्रहालय त्या सांभाळतात. जातं त्यांच्याच सासूचं.

आण्णांनी वरचा दगड उचलला. आत रंग नव्हता. खालच्या दगडावरून त्यांनी बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. "ह्ये घाव उलट्या बाजूला कललेत. डावऱ्या हाताचे हायेत. माजी आई डावरी हुती."

"व्हय की!" हिराबाई म्हणाल्या. "डावरीच बाई यायची दर साली. सासू तिला नागली द्यायची."

"नाव काय तिचं?"

हिराबाई जात्याकडे बघत म्हणाल्या, "वडारीनच म्हनायचो. नाव न्हाई इचारलं कुनी."

"यमुना," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले.

आण्णांनी पिशवीतून हातोडी आणि स्वतःची छिन्नी काढली आणि वरच्या दगडाला तासभर टाकी लावली. खालच्याला हात लावला नाही. "त्यो तिचा हाय," म्हणाले. मग हिराबाईंनी चार मुठी नागली, म्हणजे नाचणी, दळली. पीठ कोंबड्यांसाठी बाजूला काढलं, तर मी गुपचूप मूठभर पेढ्यांच्या रिकाम्या पुड्यात घेतलं. चांगलं पीठ वाया का घालवायचं!

आण्णांनी हातोडी जात्याशेजारी ठेवली. पाटी हिराबाईंनी मला लिहायला लावली. 'यमुनाबाई वडार. जात्यांना टाकी लावत. डावऱ्या होत्या.' अक्षर वाकडं आलं, तरी बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी घरच्या पिठात ते पीठ मिसळून मी भाकरी केली. पहिल्याच घासाला दाताखाली कचकच. आण्णा खो खो हसले. "अगं, टाकी लावल्यावर पयलं दळन मानूस खात न्हाई, दगडाची कच असती! म्हनून तर कोंबड्यांना घालत्यात."

मग त्यांचं हसू ओसरलं. "एवढंबी शिकवलं न्हाई मी तुला."

"मी कधी विचारलंच नाही, आण्णा."

मी ताट उचलायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मग मीही माझी संपवली.