पिवळ्या गाडीतली ती सीट गजूची होती

तीन वर्षं मी गजूशी प्रत्येक वाद जिंकलो. चीटिंग करून.

हे मला आज दुपारी कळलं. आज गजूची तेरवी होती.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गजू म्हणजे आमच्या मेहकरचा डेंटर, गाड्यांचे पोचे काढणारा. जानेफळ रोडला पत्र्याचं शेड, बाहेर ठोकायला आलेल्या चार गाड्या. मी जानेफळच्या शाळेत सायन्स शिकवतो. शाळा सुटली की घरी येताना त्याच्याकडे थांबायचं, चहा मागवायचा आणि भांडायचं. वीस वर्षं.

विषय एकच. स्पोर्ट्स कार.

आमच्या दोघांत मिळून एक सेकंडहँड हॅचबॅक, ती माझी. आणि एक मोपेड, ती त्याची. पण वाद असा, की ऐकणाऱ्याला वाटावं दोघं उद्या बुकिंगला निघालेत.

मी जर्मन पार्टी. झिरो टू हंड्रेड किती सेकंदात, हॉर्सपॉवर किती, वजन किती, सगळं तोंडपाठ.

गजू इटालियन पार्टी. आकड्यांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

"मागचा पुठ्ठा पाह्य बे तिचा. पोळ्याच्या बैलावानी."

"पुठ्ठ्यानं गाडी पळते का?"

"थे उभी असली तरी पळून राह्यली असं वाटते. तुही जर्मन पळत असली तरी कपाट वाटते."

किमतीवर आलो की मी पेटायचो. अर्ध्या किमतीत जपानी गाडी तेवढीच पळते, मग इटालियन घेणारा येडाच नाही का?

तो शांतपणे फडकं झटकायचा.

"नवरदेव मोपेडवर बी येऊ शकते मास्तर. मंग तू घोडा काऊन आणला होता?"

मी विषय टॉर्कवर नेला.

त्याची एक सवय होती. पत्रा ठोकून झाला की तळहाताखाली सुती फडकं धरायचा, डोळे मिटायचा आणि सावकाश हात फिरवायचा. "डोळ्याले पेंट फसवते. हाताले नाही," म्हणायचा.

मग तीन वर्षांपूर्वी ती आली.

समृद्धी महामार्गावरून पेट्रोलसाठी गावात उतरलेली पिवळी इटालियन. आपल्या स्पीडब्रेकरने तिचं पोट घासलं, बंपरखालचं प्लास्टिक लोंबायला लागलं, आणि कुणीतरी मालकाला गजूकडे पाठवलं.

मी शाळेतून पोचलो तेव्हा गजू डोळे मिटून तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर, चाकावरच्या फुगीर पत्र्यावर, फडकं फिरवत होता. तिथे तर काही लागलंच नव्हतं. मला हसू आलं.

मालक म्हणाला, "सर, एक चक्कर मारू. बसा."

गाडी दोन सीटची. मी गजूकडे वळूनही बघितलं नाही. बसलो.

समृद्धीवर फेरी मारून परत आलो तेव्हा तो रस्त्यावरच उभा होता, हातात फडकं.

"सांग बे, अंदरून सीट कोणत्या रंगाच्या?"

मी ओरडलो, "दोनशे चार! गजू, दोनशे चार गेली!"

"हाव?" तो हसला.

मग गाडी निघाली. त्याने माझा खांदा धरून मला वळवलं. "आता पाह्य." ती वळणावर गेली, उन्हात, आणि दिसेनाशी झाली.

त्या दिवसापासून माझ्या हातात हुकमाचं पान. गजूने तोंड उघडलं की मी म्हणायचो, "मी बसलो हाय. तू बसला का?" व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा. चारचौघांत.

"नाही बाबा. तूच बसला," एवढंच म्हणायचा. आणि चहा सांगायचा.

गजू गेला तो सकाळी, शेडचं कुलूप उघडता उघडता. हार्ट. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

आज जेवणं आटोपल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचं घर शेडच्या मागेच.

"भाऊजी, त्या पिवळ्या गाडीवाल्यानं पयले ह्यायलेच म्हटलं होतं. चला भाऊ, चक्कर मारू. मी दारातच होती."

"मंग?"

"हे म्हणे, मी नाही. माहा दोस्त येईन आता शाळेतून, त्याले बसवा. थो जन्मभर नुसते आकडेच वाचत आला, त्याले एकदा खरी गाडी पाहू द्या. अन् मी म्हटलं असं त्याले सांगू नका."

काम केव्हाच संपलं होतं. त्याने मालकाला थांबवून ठेवलं होतं, माझ्यासाठी. म्हणून तो उगाच फडकं फिरवत बसला होता.

मी बाहेर येऊन माझ्या गाडीत बसलो आणि ती चक्कर आठवायला लागलो.

डॅशबोर्ड कसा होता? आठवत नाही.

काचेतून काय दिसत होतं? आठवत नाही.

मी सगळा वेळ स्पीडोमीटर बघत होतो. त्याने स्वतःची सीट दिली, की मास्तर एकदा आकड्यांतून बाहेर येईल. आणि मी आत बसूनही आकडाच वाचून आलो.

बदल्यात त्याने एकच गोष्ट विचारली होती. एका शब्दाचं उत्तर होतं. ते मी दिलं नाही, आणि त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. उलट तीन वर्षं मी त्यालाच ऐकवत राहिलो, तू बसला का म्हणून. लाज वाटते रे, गजू.

त्या दिवसातलं डोळ्यांसमोर येतं ते एवढंच. वळणावर गेलेली ती पिवळी गाडी आणि तिचा मागचा पुठ्ठा, उन्हात. तू खांदा धरून वळवलंस म्हणून दिसला.

वाद तू जिंकलास, गजू. ग्रुपवरही तसं टाकतोय.

सीटचा रंग मात्र मला अजूनही माहीत नाही. तेवढं माफ कर.

तुझ्या मास्तरचा भरल्या मनाने शेवटचा नमस्कार.