सरांना साप चावला नाही

विलाससरांना साप चावला नाही.

पालकांच्या ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी चावला म्हणून फॉरवर्ड केलं, त्यांनी आधी हे वाचा. मग खुशाल मला ब्लॉक करा.

सर काल सकाळी गेले. हार्ट अटॅक.
घरात, टाइल्सवर, फॅनखाली. चहा पिता पिता.
माळावर न्हाय. घरात.

जे त्यांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. धाराशिवच्या फ्लॅटमधली पोरं दर रविवारी एसटीत घालून तेरच्या माळावर नेणारा हा माणूस.
मी सोबत जायचे, पोरं सांभाळायला आणि ओरडायला. ओरडणं सरांना जमायचं नाही.

नवीन पोरगं हमखास विचारायचं, "सर, इथं बघायचं काय?"
"बस खाली. कंटाळा आला की सांग."
कंटाळा यायच्या आत त्याला मुंग्यांची रांग दिसलेली असायची. मग ते उठायला तयार नसायचं.

मागच्या उन्हाळ्यात पोरांना टिटवीची अंडी सापडली. उघड्या जमिनीवर, खड्यांत, खड्यांसारखीच दिसणारी. टिटवी डोक्यावर नुसती बोंबलत होती.

आम्ही दोघं जरा मागं होतो. तेवढ्यात सहावीतल्या अनन्यानं सगळ्यांना कामाला लावलं आणि अंड्यांभोवती पांढऱ्या गोट्यांचं रिंगण केलं. कुणाचा पाय पडू नये म्हणून.
आम्ही पोचलो तर पोरगी अभिमानानं नुसती फुलली होती.

सर उकिडवे बसले.

मग म्हणाले, "लई माया केलीस गं. पण आता कावळ्यालाबी लांबनं दिसतंय, हितं कायतरी हाय म्हणून. ती अंडी दिसत न्हाईत, म्हणूनच वाचत्यात."

अनन्या रडली. सरांनी तिला रडू दिलं.
मग प्रत्येक गोटा जिथून उचलला होता तिथं नेऊन ठेवायला लावला.
आम्ही सगळे लांब एका बाभळीखाली जाऊन बसलो, टिटवी परत अंड्यांवर बसेपर्यंत. कुणी हूं की चूं केलं नाही. मीसुद्धा गप्प, हे विशेष.

आता ग्रुपवर काय चाललंय?

रविवारची ट्रिप कायमची बंद करा म्हणे. साप, ऊन, काटे. त्यापेक्षा सरांच्या स्मरणार्थ एसी हॉलमध्ये नेचरचा स्लाइड शो ठेवू. पोरं सेफ राहतील.

सेफ!

अहो, तुमची माया खोटी आहे असं मी म्हणत नाही. अनन्याची तरी कुठं खोटी होती? पण तेच रिंगण तुम्ही पोरांभोवती मांडताय.

साप आहेत माळावर. सरांनी कधी लपवलं नाही. म्हणून तर बूट घालायचे, हातात काठी ठेवायची, दगडाखाली हात घालायचा नाही. आजवर पोरांना काट्यापलीकडं काही लागलेलं नाही.

स्लाइड शोला मी येणार नाही. राग आलाय मला, लई राग आलाय. रडू पण येतंय, पण ते माझं मी बघेन.

आणि हो. सापाचा तो मेसेज पहिल्यांदा टाकला अनन्याच्या आईनं.
आज दुपारी त्यांच्याच नंबरवरून फोन आला. भांडायच्या तयारीनंच उचलला.

अनन्या होती. "ताई, रविवारी नेहमीच्याच एसटीनं ना?"

आईला विचारलंस का, म्हटलं.

"आई इथंच आहे. ती विचारतीय, तिनं कुठले बूट घालायचे."

जाड तळव्याचे घाला, म्हटलं.

तर रविवारी, नेहमीची एसटी. ज्यांना यायचं त्यांनी या. हार आणू नका, फोटो आणू नका.
त्याच बाभळीखाली बसू. गप्प.

सर, श्रद्धांजली आम्ही तिथंच वाहतो. पोरं मी घेऊन येते.